११० पराभवांनंतरचं भाकीत

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत बाल्टिमोरजवळ राहतो आणि तिथल्या ओरिओल्स या बेसबॉल संघाचा पक्का भक्त झाला आहे. दर मार्चमध्ये तो फोनवर सांगतो, ‘यंदा तज्ज्ञांनी आम्हाला इतके विजय दिलेत.’ ऑक्टोबर येईपर्यंत तो आकडा बहुतेक वेळा फसलेला असतो. आमचा संघ रीबिल्डमधून गेलाय आणि आमचा विभाग सगळ्यांत कठीण आहे, हेही तो दर वेळी ऐकवतो. मोडून नव्यानं उभा केलेला संघ तगड्या संघांच्या गर्दीत किती वर येईल, हे आधी सांगता येतं का? जे सांगतात ते कशाच्या आधारावर सांगतात?
— एक वाचक, सातारा

उत्तर : सांगता येतं, पण एका आकड्यात नाही. आपल्याकडे हवामान खातं एप्रिलमध्ये मोसमी पावसाचा अंदाज देतं, तेव्हा सरासरीच्या अमुक टक्के सांगून पुढे ‘अधिक-उणे ५ टक्के’ असंही म्हणतं. बातमीत पहिला आकडा ठळक छापून येतो आणि दुसरा विसरला जातो. बेसबॉलच्या अंदाजांचं तेच होतं. ‘७८ विजय’ हा शक्यतांच्या एका लांब पट्ट्याचा मध्य असतो. नव्यानं उभ्या राहणाऱ्या संघाबद्दल खरी माहिती त्या मध्यात कमी आणि पट्ट्याच्या रुंदीत जास्त असते.

आधी मैदान समजून घेऊ. मेजर लीग बेसबॉलमध्ये ३० संघ आहेत. अमेरिकन आणि नॅशनल अशा दोन लीग, प्रत्येकीत तीन विभाग आणि प्रत्येक विभागात पाच संघ. प्रत्येक संघ हंगामात १६२ सामने खेळतो. २०२२पासून प्रत्येक लीगमधून सहा संघ बाद फेरीत जातात : तिन्ही विभागांचे विजेते आणि उरलेल्यांतले सर्वाधिक विजयांचे तीन. या तीन जागांना वाइल्ड कार्ड म्हणतात. ओरिओल्स अमेरिकन लीगच्या पूर्व विभागात आहेत. शेजारी कोण, तर न्यूयॉर्क यांकीज, बॉस्टन रेड सॉक्स, टोरांटो ब्लू जेज आणि टँपा बे रेज. पहिल्या दोघांकडे पैसा आहे, तिसऱ्यामागे अख्खा कॅनडा आहे आणि चौथ्याला थोड्या पैशांत चांगला संघ उभा करण्याची हातोटी साधली आहे. २०२१मध्ये रेजनी १००, यांकीज आणि रेड सॉक्सनी प्रत्येकी ९२ आणि ब्लू जेजनी ९१ सामने जिंकले. ओरिओल्सनी जिंकले ५२ आणि हरले ११०. त्यात ऑगस्टमधले सलग १९ पराभव होते. तुमच्या मुलाची विभागाबद्दलची तक्रार खोटी नाही.

आता संघ मोडायचा कशासाठी? इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये तळाचे तीन संघ खालच्या लीगमध्ये ढकलले जातात. अमेरिकेत तशी शिक्षा नाही, उलट बक्षीस आहे. नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, म्हणजे ड्राफ्टमध्ये, हरणाऱ्या संघांना आधी निवडायला मिळतं. त्यात मेजर लीगमध्ये आलेला तरुण खेळाडू सहा वर्षांची सेवा पुरी होईपर्यंत संघाच्या ताब्यात असतो आणि पहिली काही वर्षं जवळपास किमान पगारावर खेळतो. त्यामुळे यंदा काही जमणार नाही असं दिसलं, की महागडे खेळाडू विकून होतकरू पोरं घेणं हिशेबात बसतं. ओरिओल्सनी २०१८च्या जुलैमध्ये आपला सर्वांत मोठा तारा मॅनी मचाडो डॉजर्सना दिला. त्या वर्षी ते ४७ सामने जिंकले आणि ११५ हरले. नोव्हेंबरमध्ये माइक इलायस जनरल मॅनेजर म्हणून आले. ते ह्यूस्टन ॲस्ट्रोजमधून आले होते आणि तिथे त्यांनी हाच प्रयोग जवळून पाहिला होता. २०१९च्या ड्राफ्टमध्ये त्यांनी देशातला पहिला क्रमांक वापरून कॅचर ॲडली रचमन घेतला आणि त्याच ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीत गनर हेंडरसन. जाणूनबुजून हरण्याला आळा बसावा म्हणून २०२३च्या ड्राफ्टपासून पहिल्या सहा जागा सोडतीनं ठरतात, पण मूळ तर्क फारसा बदललेला नाही.

अंदाज बांधणारे काय करतात ते आता पाहू. पेकोटा, झिप्स, स्टीमर ही त्यातल्या नावाजलेल्या पद्धतींची नावं. तपशील वेगळे असले तरी पायऱ्या साधारण सारख्या. प्रत्येक खेळाडूची मागच्या काही वर्षांची कामगिरी घ्यायची आणि ताज्या वर्षाला जास्त वजन द्यायचं. मग तो आकडा लीगच्या सरासरीकडे थोडा ओढायचा, कारण एका वर्षाच्या झगमगाटात नशिबाचा वाटा असतोच. वयाचा परिणाम धरायचा. कोण किती खेळेल ते ठरवायचं. सगळ्यांची बेरीज केली, की संघ किती धावा करेल आणि किती देईल हे निघतं. धावांवरून विजय काढायचे आणि शेवटी अख्खा हंगाम संगणकावर हजारो वेळा खेळवून पाहायचा. त्या हजारो हंगामांपैकी किती हंगामांत संघ बाद फेरीत पोहोचला, ती त्याची शक्यता.

धावांवरून विजय काढण्याचं सूत्र बिल जेम्स यांचं. बेसबॉलच्या आकडेवारीकडे पाहण्याची दृष्टी ज्यांनी बदलली त्यांच्यात त्यांचं नाव पहिलं घ्यावं लागतं. केलेल्या धावांचा वर्ग करा. दिलेल्या धावांचा वर्ग करा. पहिल्याला दोघांच्या बेरजेनं भागा. जे येईल ते विजयांचं प्रमाण. कागद-पेन्सिल घेऊन करून बघा. २०२२मध्ये ओरिओल्सनी ६७४ धावा केल्या आणि ६८८ दिल्या. सूत्र म्हणतं, ७९ विजय. त्यांनी प्रत्यक्षात जिंकले ८३. आदल्या वर्षीच्या ५२वरून ८३ म्हणजे चाहत्यांची दिवाळी, पण हिशेबनीसाला तो ७९चाच संघ दिसत होता. म्हणून २०२३च्या मार्चमध्ये नावाजलेल्या अंदाजांनी त्यांना निम्म्याहून कमी विजय दिले. त्या हंगामात ओरिओल्सनी ८०७ धावा केल्या, ६७८ दिल्या. सूत्रानुसार ९५ विजय होतात. जिंकले १०१! विभागात पहिले आले, रेजना दोन सामन्यांनी मागे टाकून.

मग अंदाज बांधणारे मूर्ख ठरले का? इथेच रुंदीचा विचार करावा लागतो. समजा एक संघ अगदी बरोबर मध्यम ताकदीचा आहे, प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता निम्मी. तो १६२ वेळा नाणं उडवतो आहे असं धरलं, तर अपेक्षित विजय ८१. पण नुसत्या योगायोगानं या आकड्यात साधारण सहा-साडेसहा विजयांचा फरक पडतो. म्हणजे तीनपैकी दोन हंगामांत तो ७५ ते ८७च्या मध्ये राहील आणि उरलेल्या एकात त्याच्याही बाहेर जाईल. ७५ विजयांवर लोक मॅनेजरची खुर्ची काढून घ्यायला निघतात आणि ८७वर त्याला खांद्यावर घेतात. संघ तोच आणि ताकदही तीच. संघाची खरी ताकद देवानं कानात येऊन सांगितली, तरी एवढी चूक शिल्लक राहतेच.

आणि ताकद कानात कुणी सांगत नाही. मुरलेल्या संघाबद्दल आपल्याला बरंच ठाऊक असतं. नव्या संघाबद्दल कमी. खालच्या लीगमध्ये चेंडू फोडून काढणाऱ्या बावीस वर्षांच्या पोराला वरच्या पिचरचा वळणारा चेंडू दिसेल का, हे तो तिथे उभा राहिल्याशिवाय कळत नाही. तरुण पिचरचं कोपर कधी शस्त्रक्रिया मागेल याचा नेम नसतो. मालक जुलैमध्ये खेळाडू विकत घेतील की असलेले विकतील, हेही ठरलेलं नसतं. हे सगळं धरलं, तर मुरलेल्या संघाच्या अंदाजात अधिक-उणे आठ-नऊ विजय आणि नव्या संघाच्या अंदाजात दहा-एक विजय इतका वाव ठेवणं शहाणपणाचं आहे.

हा दोन विजयांचा फरक क्षुल्लक वाटेल. तो तसा नाही. गेल्या काही वर्षांत अमेरिकन लीगच्या शेवटच्या वाइल्ड कार्डला लागलेले विजय बघा : २०२२मध्ये ८६, २०२३मध्ये ८९, २०२४मध्ये ८६, २०२५मध्ये ८७. म्हणजे दरवाजा साधारण ८७ला उघडतो. ७८ विजयांचा अंदाज असलेला मुरलेला संघ, वाव आठचा धरला, तर सातपैकी एका हंगामात तिथे पोहोचतो. तोच ७८चा अंदाज असलेला नवा संघ, वाव दहाचा धरला, तर पाचपैकी एका हंगामात पोहोचतो. मध्य तोच, पण दरवाजापर्यंत हात जाण्याची शक्यता जास्त. खाली कोसळण्याची शक्यताही तितकीच जास्त. दुबळ्या संघाला अनिश्चितता हवीहवीशी असते. बलाढ्य संघाला ती नको असते.

आता विभागाचं. इथे चाहत्यांचा अंदाज चुकतो, आणि गंमत म्हणजे दोन्ही बाजूंनी चुकतो. तगड्या शेजाऱ्यांशी खेळून आपले सामने वाया जातात, असं त्यांना वाटतं. पण २०२३पासून वेळापत्रक बदललं आहे. पूर्वी विभागातल्या प्रत्येक शेजाऱ्याशी १९ सामने, म्हणजे एकूण ७६ होत. आता प्रत्येकाशी १३, म्हणजे ५२. शेजारी सरासरीपेक्षा शंभरात पाच सामने जास्त जिंकणारे असले, तर तुमचं नुकसान ५२ सामन्यांत अडीच-तीन विजयांचं. जुन्या वेळापत्रकात ते चारच्या आसपास जायचं. कठीण विभागाचं रडगाणं एवढ्याच किमतीचं आहे.

खरा त्रास पहिल्या क्रमांकासाठी होतो आणि तो चाहत्यांना वाटतो त्याहून मोठा असतो. समजा चारही शेजाऱ्यांना मार्चमध्ये प्रत्येकी ८५ विजय दिलेले आहेत. तुम्हाला वाटेल, ८६ जिंकले की विभाग आपला. पण चौघांपैकी कुणाचं तरी वर्ष चांगलं जाणारच. कोणाचं, ते आधी सांगता येत नाही, पण कुणाचं तरी जाणार हे नक्की. प्रत्येकाच्या अंदाजात नऊचा वाव धरून हिशेब केला, तर चौघांतल्या सर्वांत वरच्याचे विजय सरासरीनं ९४ येतात. आता प्रत्यक्ष बघा. २०२१ ते २०२५ या पाच वर्षांत या विभागात पहिल्या आलेल्या संघांचे विजय होते १००, ९९, १०१, ९४ आणि ९४. आपल्या ७८च्या नव्या संघाला ९५पर्यंत पोहोचायची शक्यता विसात एक. म्हणून कठीण विभागातल्या नव्या संघाबद्दल दोन प्रश्न वेगळे विचारावेत. विभाग जिंकेल का? जवळजवळ नाही. बाद फेरीत जाईल का? पाचात एक. वाइल्ड कार्ड नव्हतं तेव्हा या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच असायचं.

शेजारी कायम तगडे राहतात, असंही नाही. २०२१मध्ये ९२ जिंकणारे रेड सॉक्स २०२२ आणि २०२३ अशी दोन्ही वर्षं ७८वर होते आणि दोन्ही वेळा तळाला. ब्लू जेज २०२४मध्ये ७४ विजयांसह शेवटचे होते. २०२५मध्ये ९४ विजयांसह विभाग जिंकून ते वर्ल्ड सिरीज या अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यापर्यंत गेले. ‘कठीण विभाग’ म्हणताना बहुतेक वेळा आपण मागच्या वर्षीचा तक्ता बोलत असतो.

नव्या संघाला किती चढायचं असतं, याचंही एक माप आहे. कोणत्याही संघाला किमान पगारात सहज मिळतील अशा खेळाडूंनी अख्खा संघ भरला, तर तो हंगामात साधारण ४८ सामने जिंकेल, असं अभ्यासक धरतात. २०१८च्या ओरिओल्सनी ४७ जिंकले होते, म्हणजे ते अक्षरशः जोत्यावर होते. तिथून ९० गाठायचे, तर ४२ विजय खेळाडूंच्या गुणांतून यायला हवेत. एक उत्तम खेळाडू वर्षाला पाच-सहा विजयांची भर घालतो. म्हणून एका ताऱ्यावर भागत नाही, चार-पाच पोरं एकाच वेळी पिकावी लागतात. २०२२मध्ये २१ मे रोजी रचमन पहिल्यांदा मैदानात आला तेव्हा संघ १६ जिंकून २४ हरलेला होता. त्यानंतर ६७ जिंकले, ५५ हरले. हे सगळं श्रेय एकट्या कॅचरचं नव्हे, पण पोरं एकत्र पिकू लागल्याची ती खूण होती. पुढच्या वर्षी हेंडरसन अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला.

खुद्द संघ चालवणाऱ्यांनाही ही चढण इतक्या लवकर सरेल, अशी खात्री नव्हती. २०२२च्या ऑगस्टच्या सुरुवातीला ओरिओल्स वाइल्ड कार्डच्या शर्यतीत होते. तरी त्यांनी चाहत्यांचा लाडका ट्रे मॅन्सिनी ॲस्ट्रोजना दिला आणि शेवटच्या डावांचा भरवशाचा पिचर होर्हे लोपेझ मिनेसोटा ट्विन्सना. बाल्टिमोरमध्ये संताप झाला. संघ शेवटच्या वाइल्ड कार्डपासून तीन विजय दूर राहिला. यंदाची थोडी शक्यता मोडून त्यांनी पुढची थोडी विकत घेतली होती. ते बरोबर की चूक, यावर बाल्टिमोरमध्ये तास-दोन तास सहज वाद घालता येतो.

यशोगाथा तेवढ्या ऐकल्या की हा मार्ग हमखास वाटू लागतो. ॲस्ट्रोज २०११ ते २०१३ अशी सलग तीन वर्षं शंभराहून जास्त सामने हरले. २०१४च्या जूनमध्ये स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड या साप्ताहिकानं मुखपृष्ठावर त्यांना २०१७चे विजेते घोषित केलं, लोक हसले आणि २०१७मध्ये ते खरोखर जिंकले. प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा कॅमेऱ्यानं चोरल्याचं प्रकरण नंतर बाहेर आलं, म्हणून त्या विजयावर डाग आहे. दुसरीकडे शिकागो व्हाइट सॉक्सनीही संघ मोडला, पोरं जमवली, २०२१मध्ये ९३ विजयांसह विभाग जिंकला. २०२३मध्ये ते १०१ हरले आणि २०२४मध्ये १२१. आधुनिक काळात एका हंगामात इतके पराभव दुसऱ्या कुणाचे नाहीत. कृती तीच होती, घटकही तसेच होते.

ओरिओल्सचंही पुढे काय झालं बघा. २०२३च्या बाद फेरीत टेक्सास रेंजर्सनी त्यांना सलग तीन सामन्यांत घरी पाठवलं. २०२४मध्ये ९१ विजय मिळाले आणि कॅन्सस सिटी रॉयल्सनी दोन सामन्यांत बाहेर काढलं. २०२५मध्ये संघ १५ जिंकून २८ हरला असताना, मे महिन्यात, मॅनेजर ब्रँडन हाइड यांना काढलं. दोनच वर्षांपूर्वी ते लीगचे सर्वोत्तम मॅनेजर ठरले होते. हंगाम ७५ विजयांवर संपला, विभागात शेवटचा क्रमांक. रचमन आणि हेंडरसन दोघेही संघात होते. पिचर जायबंदी झाले, काहींची बॅट थंडावली. दोन वर्षांत १०१वरून ७५! हे दोन्ही आकडे त्याच रुंद पट्ट्यात बसतात. २०२३ला चमत्कार आणि २०२५ला विश्वासघात म्हणायची गरज पडत नाही.

मुलाशी बोलताना उपयोगी पडतील अशा दोन-तीन गोष्टी. हंगामाच्या मध्यावर जय-पराजयापेक्षा केलेल्या आणि दिलेल्या धावांतला फरक विचारा. पुढच्या महिन्यांचा अंदाज त्यावरून जास्त चांगला येतो. साधारण दहा धावांचा फरक म्हणजे एक विजय, एवढं सूत्र पुरतं. एका धावेनं जिंकलेल्या सामन्यांची रांग लागली असेल, तर फार हुरळू नका, ती टिकत नाही. विभागातल्या पहिल्या संघापासूनचं अंतर मोजण्यापेक्षा ८७चा वेग आहे का ते मोजा. आणि जुलैअखेर संघ खेळाडू घेतो की देतो ते पाहा. आपल्या शक्यता व्यवस्थापनाला स्वतःला किती वाटतात, हे त्यातून कळतं.

राहिला ‘फसलेल्या’ अंदाजांचा प्रश्न. एका संघाच्या एका हंगामावरून अंदाज बांधणाऱ्याला पास-नापास करता येत नाही. त्यासाठी वर्षानुवर्षांचे अंदाज गोळा करावे लागतात. ज्या ज्या संघांना ‘पाचात एक’ शक्यता दिली होती ते सगळे एका बाजूला काढायचे आणि त्यांतले किती बाद फेरीत गेले ते मोजायचं. पाचवा हिस्सा गेला असेल, तर अंदाज चोख. निम्मे गेले असतील, तर अंदाज बांधणारा भित्रा. एकही गेला नसेल, तर तो उगाच आशा विकतो आहे. ज्याच्या यादीतल्या नव्या संघांपैकी कधीच कुणी १०१ जिंकत नाही आणि कधीच कुणी ११० हरत नाही, त्याचे अंदाज हिशेबात कच्चे समजावेत.